उदयपूरची बॅटरी

बायकोला घेऊन उदयपूरला जाऊ नका. म्हणजे माझ्या बायकोला. तिचा कुणावरच विश्वास नाही.

गाव सगळं चढाचं, म्हणून फिरायला बॅटरीची रिक्षा ठरवली. जरा पुढं गेलो नाही तोवर ही माझ्या कानात म्हणाली, "ह्यो माणूस लई गोड बोलतोय."

राजवाडा झाला, तलाव झाला. मग ऐन चढाला, एका कापडाच्या दुकानासमोर रिक्षा थांबली.

"बॅटरी डाउन, भाईसाब. आधा घंटा चार्जिंग. तब तक अंदर बैठिए."

"बरोबर दुकानासमोरच उतरली की," ही म्हणाली.

दुकानदारानं पाणी दिलं आणि एक चादर उलगडली. "असली सोलापुरी है, मॅडम."

मी मान खाली घातली. हिच्या माहेरी तीन पिढ्यांपासून माग चालतात. हिनं चादर उलटी केली, तर मागची बाजू पांढरीफटक.

"आमच्या सोलापूरची चादर दोन्ही अंगांनी अंथरता येते," ही मला म्हणाली. "ही नुसती छापलेली हाय."

दुकानदाराला मराठी कळली नसेल, पण सोलापूर कळलं. त्यानं दारातल्या रिक्षावाल्याकडं बघितलं.

"चलिए भाईसाब, चार्जिंग हो गया," रिक्षावाला म्हणाला.

पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. आम्ही रिक्षात बसलो. हिनं सीटखाली हात घातला आणि चार्जिंगची वायर बाहेर काढली. वेटोळं करून, वर रबर लावून ठेवलेली, जशीच्या तशी.

"अहो," ही म्हणाली, "सोलापूरचं नाव ऐकलं की भरती व्हय ह्याची बॅटरी?"