बिऱ्हाड चाकावर

पिंपरीच्या थांब्यावर चाकणची एसटी यायचं नाव घेत नव्हती. रांगेशेजारी ठकुबाई घिसाडीण विळे-खुरपी मांडून बसली होती. रांगेतल्या दोघा कारखान्याच्या बाबूंना, रंगराव आणि ज्योतीरामला, एसटीची घाई नव्हती. ते मनातल्या गाडीत बसून केव्हाच डोंगरात पोचले होते.

“दिघीला मिलिटरीचा लिलाव आहे, ज्योतीराम. जुनी लॉरी घ्यायची. आत दोन बाकडी, वर ताडपत्री, मागं स्टोव्ह.”

“म्हणजे अख्खं बिऱ्हाडच चाकावर!”

“तर! आठ दिवस. आधी माळशेजचा घाट, मग भंडारदऱ्याचं तळं. जागा आवडली की थांबायचं, तिथंच पिठलं टाकायचं.”

“गाववाल्यांनी हटकलं तर?”

“हटकतील कशाला? मोकळा माळ काय कुणाच्या बापाचा आहे?”

“वा राव! याला म्हणतात जगणं.”

ठकुबाईनं विळ्याची धार अंगठ्यानं पाहिली. तेवढ्यात रंगरावांची नजर तिच्यावर गेली.

“काय गं बाई, कॉलनीमागच्या माळावर बैलगाडी सोडून राहिलेत ते तुम्हीच ना?”

“व्हय, साहेब.”

“मी अर्ज केलाय. उद्यापर्यंत बिऱ्हाड उचला. वाटेल तिथं चूल मांडायची म्हणजे काय!”

“उचलतो की.” ठकुबाई विळे पोत्यात भरू लागली. “भंडारदऱ्याला जावा, साहेब. पानी लई ग्वाड हाय. पर तिथला पाटील तीन दिसांच्या वर टिकू देत न्हाई. त्यो बी तुमच्यावानीच अर्ज करतो.”