भीती कुणाची आणि कडी कुणाच्या दाराला

मंडळी, जरा पुढं सरका. मागं उभे आहेत त्यांना बसू द्या. आज निरूपणाला एकच प्रश्न घेतलाय. भीती वाटते एकाला आणि कोंडलं जातं दुसऱ्याला — हा न्याय कुठला? उत्तर लगेच देऊ नका. आधी ऐका, काय घडलं ते.

अकोल्याच्या बाजूला एका कॉलेजात ऋतिका वाकचौरे नावाची मुलगी शिकत होती. एकोणीस वर्षांची, हुशार, बोलायला धीट. तिनं प्रकल्प घेतला — म्हातारपणाबद्दलचे गैरसमज. भलामोठा तक्ता रंगवला. 'म्हातारी माणसं एकटी फिरू शकत नाहीत — गैरसमज.' अशी दहा वाक्यं. आता तक्ता रंगवणं सोपं हो. आपणही भिंतीवर 'आई हेच दैवत' लिहितो आणि त्याच भिंतीशी तिची खाट लावून म्हणतो, 'तू गप बस.' हसताय? हसा. पुढं हसू येणार नाही.

प्रकल्पासाठी ऋतिकानं गाठलं द्वारकाआजी नवल्यांना. वय अठ्ठ्याहत्तर. तीस वर्षं सरकारी नर्स. डोंगरातल्या वाड्यांवर पायी हिंडून बाळंतपणं केलेली बाई. दोन वर्षांपूर्वी न्हाणीत पडल्या, मनगट मोडलं. हाड जुळलं, पण घरच्यांची धास्ती गेली नाही. मुलगा जालिंदर आईवर जीव टाकणारा, वाईट नाही हं. पण त्यानं केलं काय? आधी आईचं गॅसजवळ जाणं बंद. मग एकटीनं देवळात जाणं बंद. मग कामाला जाताना फाटकाला बाहेरून कडी.

ऋतिकानं विचारलं, "आजी, घरच्यांनी बंद केलेली एक गोष्ट करायला मिळाली, तर काय कराल?"

"वाघदऱ्याला जाईन. एसटीनं, एकटी," आजी म्हणाल्या. "तिथं चांगुणा आहे. माझ्यासोबत दवाखान्यात होती. दोन वर्षांत तिचं तोंड बघितलं नाही."

जालिंदर आधी नाहीच म्हणाला. शेवटी ऋतिकाकडं बघून बोलला, "तुझ्या भरवशावर सोडतोय. नजरेआड होऊ द्यायची नाही."

ठरलं असं, की आजी पुढं आणि ऋतिका दहा पावलं मागं. मदत करायची नाही, नुसतं बघायचं. दुपारी अडीचला एसटीनं दोघींना वाघदऱ्याच्या फाट्यावर सोडलं. समोर डोंगर, खाली धरणाचं पाणी, रस्त्याला चिटपाखरू नाही. ऋतिकानं मोबाईल काढला, डोंगराचं चित्रण केलं. किती वेळ? मिनिटभर. मान वळवली — आणि रस्ता रिकामा.

"आजी?"

कुणी नाही. वळणापर्यंत धावली, कुणी नाही. परत फाट्यावर आली. दोन्हीकडं रान, आणि रानात वाऱ्याचा आवाज.

आता मला सांगा, मंडळी. दहा वाक्यांचा तक्ता रंगवणारी ही पोरगी. तिला आधी काय वाटायला हवं होतं? आजी गेल्या असतील ओळखीच्या वाटेनं — असंच ना? तिनं बघितलं कुठं? खाली. पाण्याकडं.

ती उतारावरून पळत सुटली. काटे लागले, ओढणी फाटली, भान नाही. मध्येच फोन वाजला. जालिंदर.

"पोचलात का? आई कुठंय?"

"इथंच आहेत, काका. चहा घेतायत."

खोटं बोलून गेली. आणि फोन ठेवल्यावर भीती दुप्पट झाली, कारण आता ती भीती एकट्या तिचीच होती. पाण्याच्या कडेला दगडांमध्ये तिला काहीतरी पांढरं दिसलं. आजींचं पातळ पांढरं होतं. पुढं जाववेना, मागं फिरवेना. कसंबसं एकेक पाऊल टाकत गेली, डोळे किलकिले करून बघितलं. खताची रिकामी गोणी होती. ती तिथंच चिखलात बसली आणि रडायला लागली.

तासभर गेला असेल. वरून हाक आली.

"ऋतिका... ए ऋतिका..."

उतारावर काठी टेकत द्वारकाआजी उभ्या. सोबत चांगुणाबाई आणि तिची सून.

"अगं, होतीस कुठं तू? मी चांगुणाच्या दारात वाट बघून थकले. शेवटी तुला शोधायला निघालो."

ऋतिका त्यांना बिलगली. "तुम्ही कुठं गेला होता? मला वाटलं..."

"मागं आहेस म्हणून मी जुन्या पायवाटेनं वळले. तिथं आता नवी वाट फुटलीय. मी चुकले. दहा मिनिटं एका जागी उभी राहिले. घाबरले होते, खोटं कशाला सांगू? मग गुराख्याला विचारलं. त्यानं दाखवली वाट." आजी तिच्याकडं बघत राहिल्या. "तू वाट चुकलीस की काय करतेस, पोरी?"

"विचारते."

"मग मीही तेच केलं."

बघा हं. आजी चुकल्या नाहीत, असं नाही झालं. चुकल्या, घाबरल्या आणि सावरल्या. तुमच्यामाझ्यासारख्या.

ऋतिकानं तिथूनच जालिंदरला फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं. तासाभरात तो मोटारसायकलवर हजर. चेहरा पांढराफटक.

"बस झालं," तो म्हणाला. "आई, आजपासून घराबाहेर पाऊल नाही. आणि तू, मुली, आमच्या दारात येऊ नकोस."

ऋतिका खाली मान घालून उभी. आजी मात्र शांतपणे म्हणाल्या, "जालू, तू तिसरीत असताना शाळेतून येताना हरवला होतास. आठवतं?"

"आता ते कशाला काढतेस?"

"संध्याकाळी सापडलास, पाटाच्या कडेला. मला रात्रभर झोप नव्हती. डोळ्यांपुढून पाटाचं पाणी हलत नव्हतं. तुझे वडील म्हणाले, ह्याला शाळेत पाठवू नको. दुसऱ्या दिवशी मी तुला दप्तर दिलं आणि पाठवलं. माझी भीती मी माझ्यापाशी ठेवली, लेका. तुझ्या पायात नाही बांधली."

जालिंदरनं मोटारसायकल वळवली. आईला मागं बसवून घरी घेऊन गेला.

कॉलेजात प्रदर्शन भरलं तेव्हा ऋतिकानं तक्ता लावला नाही. पाण्याकाठच्या त्या तासात आपल्याला काय काय वाटलं, तेवढंच एका कागदावर लिहिलं.

आणि पुढच्या गुरुवारी द्वारकाआजी परत वाघदऱ्याला निघाल्या. एकट्या. जालिंदर फाटकात उभा राहिला. कडी त्यानंच काढली होती, मनात भीती होती तरी. एसटी दिसेनाशी झाली तरी तो हलला नाही. पण आईच्या मागं गेला नाही.

भक्ती म्हणजे काय, मंडळी? जिच्यावर जीव आहे तिच्यासाठी घाबरायचं, आणि तरी फाटक उघडं ठेवायचं. सोपं नाही ते! आता टाळ वाजवायच्या आधी सगळ्यांनी मनातल्या मनात घरी जाऊन या. तुमच्या दाराला कडी बाहेरून आहे का, ते बघा. आणि असली, तर आत बसलेल्या माणसाला विचारा — तुला जायचंय कुठं?

मग नाव घ्या. विठ्ठल, विठ्ठल.