एकोणीस दिवसांचे टोले

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील वयोवृद्ध पाळकसाहेब, समितीचे सन्माननीय सभासद, आजचे सत्कारमूर्ती आपले घंटावाले काका, आणि बाकांवर दाटीवाटीने बसलेल्या मंडळीतल्या बंधुभगिनींनो,

सुरुवातीलाच कबूल करते. हे भाषण लिहायला मला तीन आठवडे दिले होते आणि मी ते आज सकाळी बसमध्ये, गुडघ्यावर वही ठेवून लिहिलं. वेळ नव्हता असं नाही. तेवढ्यात मी एका बंदरावर जाळी शिवली, एका फिरत्या प्रदर्शनात तिकिटं फाडली. पण लिहायला बसलं की राग यायचा, आणि सत्काराच्या भाषणात राग शोभत नाही म्हणतात. शेवटी ठरवलं, न शोभो. दहावीत दोनदा आपटलेल्या मुलीकडून फार शोभेची अपेक्षा तुम्हीही करणार नाही.

काकांविषयी आधीच्या वक्त्यांनी पुष्कळ सांगितलं. चौतीस वर्षं, एक रविवार चुकला नाही, वगैरे. त्यांचे तळहात पाहिलेत का कुणी? मी बंदरावर दोर ओढणारी माणसं पाहिली आहेत, त्यांचेसुद्धा इतके... असो, मी भरकटते.

आपली रीत पाहुण्यांसाठी सांगते. मंडळीत कुणी वारलं की वयाची जितकी वर्षं तितके चर्चच्या घंटेचे टोले. घरोघरी माणसं हातातलं काम थांबवून मोजतात आणि आकड्यावरून ओळखतात, कोण गेलं ते. माझा भाऊ गेला तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि तो एकोणीस दिवसांचा. वर्षं शून्य, म्हणून टोले शून्य. नियम आहे, असं आम्हाला सांगण्यात आलं. पेटी केवढी होती सांगू? बाबांनी ती एकट्याने, काखेत धरून आणली.

पाळकसाहेब, आपण तेव्हा आईला म्हणालात, "बाई, देवाला त्याच्या बागेत एक कळी हवी होती." आपलं मन चांगलं होतं, मला ठाऊक आहे. पण आदर ठेवूनच विचारते, ज्याची एवढी मोठी बाग, त्याला आमच्या घरचा एकुलता एक पाळणाच दिसावा? असं बोलणाऱ्या शेजाऱ्याला आपण दारात उभं करू का?

आणि मग घंटा वाजली. काकांनी कुणाला विचारलं नाही. जगलेल्या प्रत्येक दिवसाचा एक, असे एकोणीस टोले दिले.

लोकांनी अर्थातच वर्षं मोजली. ज्या घरात एकोणीस वर्षांचं पोर, त्या घरातून माणसं धावत सुटली. एक गृहस्थ न्हाव्याकडून अर्ध्या दाढीनिशी आले. ते तिसऱ्या रांगेत बसलेत, हसताहेत. हसा, हसा, तुमची ती अर्धी दाढी आमच्या घरी अजून आठवते. जिथे चार माणसं यायची त्या दफनाला दोनशे जमली.

बेकरीवाल्या मावशी कोपरापर्यंत पिठाने माखलेल्या आल्या. त्यांचा मुलगा एकोणीसचा, सकाळीच मोटारसायकल घेऊन गेलेला. खड्ड्यात उतरणारी ती वीतभर पेटी त्यांनी पाहिली आणि म्हणाल्या, "माझा नाही. देवाची दया झाली गं बाई, माझा नाही."

आई चार फुटांवर उभी होती.

घरी आल्यावर ती चप्पल न काढता ओट्यापाशी उभी राहिली आणि बाबांना म्हणाली, "त्यांच्यावर दया झाली. मग माझ्यावर काय झालं?"

बाबांनी खाली बसून तिच्या पायातल्या चपला काढल्या. मी अकरा वर्षं पायाला भिंगरी लावून फिरते आहे, मलाही कुठे उत्तर सापडलं नाही. कुणी म्हणतं परीक्षा, कुणी म्हणतं इच्छा. कसली परीक्षा? एकोणीस दिवसांच्या पोराला धड डोळे उघडून बघायलाही येत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मावशींनी समितीकडे तक्रार केली. काकांना बोलावलं गेलं. अध्यक्ष महोदय, आपण तेव्हा चिटणीस होता. बाबा दाराशी उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं. आपण विचारलंत, "कुणाच्या परवानगीने वाजवलीत?"

काका म्हणाले, "साहेब, प्रभू मित्राच्या कबरीपाशी रडले, असं तुम्हीच सांगता ना? मग त्या दिवशीही वर कुणीतरी रडत असणार. ते खाली ऐकू यायला नको का?"

बाबांनी हे आईला सांगितलं. तिने ताट पुढे ओढलं आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवली.

मेलेल्या मित्राला आपण पुन्हा जिवंत उठवणार आहोत हे प्रभूंना ठाऊक होतं. तरी आधी रडले. कळी सांगितली नाही, बाग सांगितली नाही. ही गोष्ट आपल्या सगळ्यांत दोर ओढणाऱ्या माणसालाच तेवढी कळली. मी देवावर रागावले आहे, अजूनही. पण जो आपल्याबरोबर रडतो त्याच्यावर निदान रागावता तरी येतं. नियमावर रागावून काय करायचं?

समितीने काकांना पत्र दिलं: "खोटे टोले देऊन मंडळीची दिशाभूल केली." ते पत्र आजही फाईलीत आहे. त्यानंतर आपल्याकडे सात लहानगी गेली. सातही गपचूप पुरली. त्या प्रत्येक वेळी काका घंटेपाशी थांबले नाहीत, दफनभूमीच्या कुंपणाबाहेर जाऊन उभे राहिले. आणि तुम्ही त्यांना भिंतीवरचं घड्याळ देताय.

उद्या ते लेकीकडे राहायला जाताहेत. जाण्याआधी ते पत्र मागे घ्या, आणि लहानग्यांना दिवसांचे टोले द्या, एवढंच माझं मागणं. मघाशी चहाच्या वेळी अध्यक्षांना विचारलं, तर म्हणाले, "तक्रार करणाऱ्या मावशींनी स्वतः येऊन ती मागे घेतल्याशिवाय आमचे हात बांधलेले आहेत. आणि त्या आता घराचा उंबरासुद्धा ओलांडत नाहीत." काका शेजारीच होते. म्हणाले, "जाऊ दे ना पोरी, तुझा चहा गार होतोय."

मला जाऊ देता येत नाही.

बोलायला उभं केलंत, याबद्दल समितीची ऋणी आहे. ऐकून घेतलंत, याबद्दल तुम्हा सगळ्यांची. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल, कुणाचं मन दुखलं असेल, तर पोटात घाला. राग तेवढा परत घेत नाही, तो लिहून आणलाय.

थांबा, एक मिनिट. मागे दारापाशी गडबड कसली? जरा वाट द्या त्यांना.

अध्यक्ष महोदय, बेकरीवाल्या मावशी आल्या आहेत. सुनेचा हात धरून. पहिल्या बाकावर सरका कुणीतरी. नको म्हणताहेत. म्हणताहेत, "मी बसायला आलेली नाही."

या मावशी. माइक जरा खाली घेते, तुम्हाला पुरायचा नाही.