बाथरूममधला ठेका

(बाथरूमचं दार. ते चार बोटं उघडतं आणि आत कशाला तरी आपटून थांबतं. आत नवरा, बाहेर बायको आणि आई.)

नवरा : अगं, ढकलू नकोस म्हटलं ना! तू तिकडून ढकललंस की ती माझ्या पायावर येते.

बायको : मग तिला सांगा ना बाजूला व्हायला. कालच म्हणालात, माझं ऐकते म्हणून.

नवरा : ही काय चेष्टेची वेळ आहे? डोक्याला साबण आहे माझ्या!

बायको : डोळे मिटून घ्या.

आई : काय झालं गं? कोण पडलं?

बायको : कोणी पडलं नाही, आई. तुमचे चिरंजीव कपडे धुवायची मशीन लावून आंघोळीला बसले. पिळायची वेळ झाली तशी मशीन जी निघाली, ती थेट दाराला येऊन टेकली. एक कोपरा बेसिनखाली अडकलाय, कूस दाराला. दार उघडतं आत. हे आत, आपण बाहेर.

आई : पण पिळताना वर कोणीतरी बसायचं असतं ना? आपली रीतच आहे ती.

बायको : आज यांची पाळी होती.

नवरा : बसणारच होतो! साबण लावून झाला की बसणार होतो. त्याआधीच निघाली. नशीब, जाताजाता वायर स्वतःच उपटून घेतली, नाहीतर दारासकट तुमच्यापर्यंत आली असती.

बायको : म्हणजे आता निवांत बोलता येईल. अहो, नवीन मशीन घ्यायची की नाही?

नवरा : हे आत्ता?

बायको : एरवी विषय काढला की तुम्ही उठून गॅलरीत जाता. आज कुठे जाल?

नवरा : ती दुरुस्त होण्यासारखी आहे. माझ्या हातची मशीन आहे ती. दुकानातून बसवायला माणूस आला होता, त्याला दारातूनच परत पाठवला आणि स्वतः बसवली.

बायको : हो, चार वर्षं ऐकतेय. आणि चार वर्षं तुमची दुरुस्तीही बघतेय. पायांखाली आधी रबर घातलंत, मग फळी, मग माझी व्यायामाची चटई कापून घातलीत. मेकॅनिक बोलावते म्हटलं की तुमचं तोंड एवढंसं होतं. खालच्या मजल्यावरच्या बाई हल्ली हसत नाहीत माझ्याकडे बघून. नुसतं विचारतात, आज कधी लावणार? तेवढा वेळ त्या बाजारात जाऊन येतात.

नवरा : टॉवेल तरी दे. बाहेर खुंटीला राहिलाय.

बायको : नवीन घेऊ म्हणा, टॉवेल घ्या.

आई : अगं दे त्याला. गारठेल.

बायको : गारठू दे थोडं, आई. मन वळायला बरं असतं.

आई : मी काय म्हणते, आहे ते काय वाईट आहे? नवीनही नको आणि दुरुस्तीही नको.

बायको : आई, नवीन मशीनचा आवाजच होत नाही म्हणे. शेजारी बाळ निजलं असेल तर कूससुद्धा बदलणार नाही.

आई : आवाज नाही? अजिबात नाही?

बायको : अजिबात.

आई : मग ती घेऊन करायचं काय?

नवरा : अगं, तिला ठेका लागतो ना.

आई : तू गप्प बस रे. साबण जाईल तोंडात.

नवरा : का गप्प बसू? बाबा होते तोवर रोज सकाळी आई देवाचं पद म्हणायची आणि बाबा टेबलावर बोटांनी ठेका धरायचे. बाबा गेले आणि हिचा आवाजच गेला. कोणी म्हण म्हटलं तरी म्हणेना. मग ही मशीन आली. पहिल्याच दिवशी अशी धडधडली, की मी पाना शोधायला पळालो. परत येऊन बघतो तर आई दाराशी उभी, डोळे मिटलेले, आणि गातेय.

बायको : मला सांगताय? चार वर्षं मी दात ओठ खाऊन ती धडधड ऐकतेय, ती काय तुमच्या पान्यावर जीव जडलाय म्हणून? पण आई, आज ती यांच्या अंगावर आली. उद्या तुमच्यावर आली तर?

आई : माझ्यावर कशाला येईल? मी कधी तिला पाना लावला नाही.

नवरा : आई!

आई : खरं तेच सांगते. पण सूनबाई, तुझंही खोटं नाही. घरातल्या माणसाच्या हाडांपेक्षा माझं गाणं मोठं नाही. आणा नवीन.

बायको : ऐकलंत?

नवरा : ऐकलं. घेऊ नवीन. टॉवेल!

बायको : शपथ घ्या.

नवरा : कोणाची?

बायको : पान्याची.

नवरा : पान्याची शपथ, घेऊ नवीन. झालं समाधान? दे तो टॉवेल आता.

बायको : हा घ्या. दुकानात फोन लावते लगेच, तुम्ही कोरडे होऊन विचार बदलायच्या आत.

नवरा : लाव. मी हिचं पाणी सोडतो, म्हणजे हलकी होऊन सरकेल. पाइप मागच्या बाजूला असतो, आणि नेमकी माझ्याकडेच पाठ करून उभी आहे.

आई : रुसली असेल.

नवरा : हं, सुटलं पाणी. वाहतंय.

बायको : रिंग वाजतेय हो!

नवरा : अगं... ठेव तो फोन.

बायको : का?

नवरा : ठेव म्हणतो ना. आणि तो मोठा पाना दे जरा फटीतून.

बायको : आत्ता ज्याची शपथ घेतलीत तोच पाना? काय सापडलं?

नवरा : काही नाही.

बायको : तुमचं हे ‘काही नाही’ मी ओळखते. मिक्सर जळला तेव्हाही काही नव्हतं.

नवरा : पाठीवर चार बोल्ट आहेत.

बायको : बरं.

नवरा : प्रत्येकाला लाल पट्टी आहे.

बायको : पट्टीवर काय लिहिलंय?

नवरा : साबण गेलाय डोळ्यांत. नीट दिसत नाही.

बायको : टॉवेल दिलाय. डोळे पुसा आणि मोठ्याने वाचा.

नवरा : ‘फक्त वाहतुकीसाठी. मशीन वापरण्यापूर्वी काढून टाकावेत.’

आई : म्हणजे काय रे?

नवरा : म्हणजे, टेम्पोतून आणताना आतला ड्रम हिंदकळू नये म्हणून तो बोल्टने आवळून ठेवतात. घरी आली की सोडायचा.

बायको : कोणी सोडायचा?

नवरा : बसवायला जो माणूस येतो त्याने.

बायको : जो दारातूनच...

नवरा : हो. तोच.

बायको : आणि हे बोल्ट तुम्ही आज पहिल्यांदाच बघताय?

नवरा : नाही.

बायको : मग?

नवरा : बसवताना बघितले होते. जरा सैल वाटले. म्हणून आवळले.

बायको : आई, मला धरा. मी खाली बसते.

नवरा : हसायला काय झालं? चष्मा नव्हता तेव्हा!

आई : अरे देवा! म्हणजे चार वर्षं त्या बिचारीला बांधून ठेवलं आणि वर म्हणायचं, फिर. फिरता येईना म्हणून ती अख्खी उठून नाचायची. आणि आपण काय करायचो? वर जाऊन बसायचो! ती आपली सांगत होती रे, सोडा मला, सोडा. सगळं पाठीवर लिहिलेलं. पण पाठ कोण बघतं? माणसाची बघत नाही कोणी, मशीनची कोण बघणार? शेवटी आज दार अडवलं, तुझ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, वाच आता.

नवरा : आई, तू तिच्या बाजूने की माझ्या?

आई : जो बांधलेला असेल त्याच्या बाजूने. सोड आधी तिला.

बायको : हा घ्या पाना. आणि यावेळी उलटा फिरवा.

नवरा : एक निघाला. हा दुसरा. तिसरा गंजलाय... निघाला. हा चौथा. थांबा, हिला जागेवर लोटतो. हं! सरकली. आता वायर लावतो.

बायको : हात पुसा आधी! दाराला कडी लावू नका, मी बघतेय. लावा आता. केलीत चालू?

नवरा : चालू आहे.

बायको : मला काही ऐकू येत नाही.

नवरा : पिळतेय अगं! वर आंघोळीचा मग ठेवलाय, त्यातलं पाणीसुद्धा हलत नाही.

बायको : थांबा, दुकानातून फोन येतोय. हॅलो? हो, मघाशी मीच लावला होता. नाही हो दादा, नवीन नको. चार वर्षांपूर्वी तुमच्याकडून घेतली होती ना, ती आत्ताच बसवून झाली.

नवरा : सगळ्या गावाला सांग.

बायको : गावाला नंतर. आधी खालच्या बाईंना. आई, बघा ना कशी फिरतेय. आई?

आई : छान झालं हो. छानच झालं. मी जरा खोलीत जाते.

बायको : आज तुमचं पद राहिलंय.

आई : राहू दे. घसा बसलाय.

बायको : आत्ता तर एवढं बोललात.

आई : म्हणूनच बसला असेल.

नवरा : आई, थांब. एक बोल्ट परत लावू का? थोडी वाजेल.

आई : नको रे. आत्ता कुठे सुटलीये ती.

बायको : अहो.

नवरा : काय?

बायको : बाहेर येऊ नका. बादली रिकामी करा आणि उलटी ठेवा.

नवरा : अगं, डोक्याचा साबण वाळला माझ्या!

बायको : वाळू दे. चार बोल्ट आवळलेत ना? आता रोज सकाळी मशीन तुम्ही लावायची, आणि ती चालू असेतोवर बादली वाजवायची. वर बसण्यापेक्षा सोपं आहे.

नवरा : आणि खालच्या बाई?

बायको : त्यांना वाटेल जुनीच मशीन आहे. जातील बाजारात.

आई : अगं, त्याला कुठे येतंय! शाळेत कवायतीलासुद्धा याचा पाय उलटा पडायचा.

बायको : वाजवा तुम्ही.

नवरा : असं?

आई : धावतोयस.

नवरा : आता?

आई : आता झोपलास.

नवरा : मला नाही जमत आई, बाबांसारखं.

आई : त्यांना तरी कुठे जमायचं रे? मीच सांभाळून घ्यायची. तू वाजव.