टोपली भरेपर्यंत

तुम्ही हसाल, पण चांदीप गावात आमच्या शूटिंग रेंजवर गोळ्या अडवायला जो मातीचा बांध घातलाय ना, त्यावर मोगरा फुलतो. बांधात खडा नको, खड्यावरून गोळी उलटते. म्हणून वटार गावच्या बागायतदार काकांनी स्वतःच्या वाडीतली माती चाळून आणली. वर म्हणाले, "माती अशी उघडी कशी ठेवायची?" आणि मोगरा लावून मोकळे झाले.

परवानगीसाठी तपासणीचे साहेब आले, त्या सकाळी लाल बावटा वर होता, म्हणजे बांधाकडे माणूस, गोळीबार बंद. बंदुका रिकाम्या करून टेबलावर, नेमबाज मागे, सगळं गप्प. समोर धुक्यात काका एकेक कळी खुडून टोपलीत टाकत होते आणि वास थेट आमच्यापर्यंत येत होता. परवानगी गेली, असं मी धरूनच चाललो.

काका परतल्यावर साहेब हळूच म्हणाले, "हे संध्याकाळी, रेंज बंद झाल्यावर नाही का करता येणार?"

"सांजेला झाडं झोपतात, साहेब. तेव्हा हात नाही लावत आम्ही."

साहेबांनी मान डोलावली. आमच्या फलकावरचा पहिला नियम त्यांनीच सांगितलेला आहे: टोपली भरल्याशिवाय लाल बावटा उतरणार नाही.