संत्र्याच्या पानाले खोबरेल

...अन् नुसतं वरून लावलं असतं तरी चाललं असतं हो! पण नाई! आमच्या श्रावणभाऊले कोणतंबी काम अर्धं जमतच नाई, तुमाले सांगतो! एष्टीच्या वर्कशॉपात जिंदगी गेली ना... दार कुरकुरलं, लाव तेल! गुडघा वाजला, लाव तेल! माणसानं करावं तरी काय?

आता त्यायची सून माया, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात पीएचडी करून राहिली. गच्चीवर कुंड्याइत संत्र्याची रोपं, वर्षभराची मेहनत, अन् सोमवारी तिचे सर ते पाहाले येणार. श्रावणभाऊनं पाह्यलं, पानं धुळीनं माखलेली. मनात आलं, पोरीची इज्जत जाईल! घेतली खोबरेलाची बाटली अन् बसले एकेक पान चोळत... वरून एकदा, अन् खालून तं दोनदा! इंदूबाई ओरडली, "अवो, झाडं हायेत ते, नवरदेव नाई!" पण बायकोचं ऐकते कोण?

एक दिवस असं चमकलं, असं चमकलं...! मंग मे महिन्याचं ऊन! पानं करपली, शेंडे खाली. माया वर आली, पानाले बोट लावलं, अन् नाकाशी नेलं.

"मामाजी... खोबरेल?"

"हो बेटा. घाण्याचं हाये, एकदम शुद्ध!"

पोरगी रडली नाई हो, चिडलीबी नाई. थकून म्हणते, "मामाजी, पानाच्या खालच्या अंगाले बारीक-बारीक तोंडं असते, नुसत्या डोळ्यानं दिसत नाई. पर्णरंध्रं म्हणते त्यायले. झाड तिथून हवा घेते, त्या हवेवर अन्न बनवते, अन् पाण्याची वाफ बाहेर सोडते, म्हणून तं उन्हात पान थंड रायते. पाणी कमी पडलं का ते तोंडं आपोआप मिटते."

"मंग म्या...?"

"तुमी सगळी बुजवली."

श्रावणभाऊ पांढरेफटक! करावं तरी काय? तिघंबी बसले साबणाच्या पाण्यानं पानं धुवाले... धुतलं का पान हातात!

सोमवारी सर आले, पुण्याकडचे. मायानं खरं ते सांगून टाकलं. सर वाकून वाकून पाहते, अन् म्हणते, "अरे वा! रंध्रं बुजली की काय होतं, हे आयतंच दिसलं की! प्रबंधात घ्या हे. फक्त, रीतसर पुन्हा करावं लागेल हं!"

पोरीचं वर्ष वाचलं. पण श्रावणभाऊ? नवी रोपं आली, अन् माया म्हणे, तेलाचं काम मामाजीकडंच, खालून त्यायच्यावानी कोणी लावत नाई! आता बिचारा चांगल्या हिरव्यागार रोपायले तेल चोळते, अन् पानापानाले हात जोडून म्हणते, "माफ कर माय... वरूनच ऑर्डर हाये!"