नैवेद्याला शिवलेला पोपट

आणि वर मलाच विचारतात, आत येताना पोपटाला नमस्कार केला होतास का म्हणून. मी काय देवळात गेलो होतो? चुलतभावाच्या घरी गेलो होतो, हातात वालाच्या शेंगांची पिशवी, उंबऱ्यात पाऊल टाकलं न टाकलं तोच फडफड झाली... कानाची पाळी गेली की राहिली ते बघायला पण सवड नाय, रक्त मानेवरनं शर्टात उतरतंय, आणि भाऊ शांतपणे काय म्हणतो? "बाहेरून आलास ना, हातपाय धुतले नसशील. आईला चालत नाय." तुमाला सांगतो, तो पोपट आहे. हिरवा, लाल चोचीचा, गळ्यात काळा कंठ असलेला पोपट. पण तसं म्हणायची सोय नाय, कारण आईसमोर बोलणार कोण?

थांबा, तुमी म्हणाल हा येडाबिडा झाला काय. पयल्यापासनं सांगतो. भगीरथ माझा सख्खा चुलतभाऊ. शहापूर-मुरबाड रस्त्याला आमचं गाव, तो वाशिंदला कारखान्यात जातो गाडीवर, माणूस म्हणजे गरीब गाय, बायकोनं भाजीत मीठ घातलं नाय तर हा स्वतःच्या जिभेला दोष देणार. त्याची आई म्हणजे आमची सरस्वती काकी. ती गाय नव्हती. काकी अंगणात नुसती खाकरली तरी पलीकडच्या आळीत कोंबडी अंड्यावरनं उठायची. हर्षाली सून होऊन आली त्या दिवसापासनं काकीनं तिला एकदासुद्धा नावानं हाक मारली नाय, "ए उंबरमाळी" म्हणायची, कारण पोरीचं माहेर उंबरमाळीचं. साऱ्या जगात काकीनं जीव लावला तो दोघांना, एक भगीरथ आणि दुसरा तो पोपट, ढोलीतलं पिल्लू असताना कोणीतरी आणून दिलेला, काकीच्या खांद्यावरच पिसं फुटलेला.

काकी गेली. दहाव्याला सगळी भावकी नदीवर, पिंड मांडलेले, आणि कावळा काय शिवेना. झाडावर बसतात, मान वाकडी करून बघतात, उडून जातात. मंग सुरू झालं आपलं नेहमीचं, भगीरथ हात जोडून, "आई, घर सांभाळीन"... कावळा हलेना. "आई, शेत विकणार नाय"... हलेना. मागनं कोणीतरी म्हणालं, सुनेबद्दल काय असंल तर बोल, तर हा तेही बोलला, "आई, हर्षालीला तुझ्या शब्दाबाहेर जाऊ देणार नाय." बायको तिथंच उभी, कडेवर तान्ही पोर. तरी कावळा नाय म्हणजे नाय. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे मान खाली घालून घरी आलो. घरी कावळ्यासाठी अंगणात नैवेद्याचं पान ठेवलेलं. घरच्यांच्या गडबडीत पोपटाला सकाळपासनं कोणी दाणा घातला नव्हता, पिंजऱ्याचं दार उघडं, तो भुकेला जीव आला बाहेर आणि बसला पानावर. भात खाल्ला, वडा खाल्ला, खीर सांडली. आणि भावकीतले सगळ्यात मोठे बारकूतात्या, त्यांनी काठी टेकून जाहीर केलं, "शिवली रे. म्हातारी पोपटात आली."

मी म्हटलं, तात्या, पोपट नर आहे, गळ्यात कंठ दिसतोय की. तात्या म्हणाले, "जीवाला कसला रे बाई नि बाप्या." आता ह्याच्यावर काय बोलणार? वर त्याच संध्याकाळी तो पोपट खोकला. खोकला म्हणजे अगदी काकीचा खोकला, दोन बारीक, एक लांब... जन्मभर तिच्या कानापाशी बसलेला, दुसरा कोणाचा खोकणार? पण ऐकलं तेव्हा, खोटं कशाला सांगू, मी पण मांडी सावरून बसलो.

त्या दिवसापासनं पिंजरा गेला माळ्यावर. आईला पिंजऱ्यात कोण ठेवणार? पोपट फिरतोय घरभर, जेवायला पयलं पान त्याचं, बसायला भगीरथचा खांदा. आणि हळूहळू तो चावायला लागला. आधी बोटं, मंग मनगट, मंग कान. चावायच्या आधी त्याची बुबुळं व्हायची लहान-मोठी, लहान-मोठी, शेपूट पंख्यासारखं पसरायचं, आणि माणूस जागेवर थिजायचा. हर्षाली भगीरथच्या पाच हातांवर जरी आली तरी सुटलाच तिच्यावर. तिनं नवऱ्याला ताट वाढायचं बंद केलं, लांबनं सरकवायची. आल्यागेल्या बायका तिच्या हातावरच्या पट्ट्या बघून काय म्हणायच्या? "सासूच ती, चावायचीच." हसायच्या वर. आणि भगीरथ? भगीरथ पोपटाच्या पाया पडायचा, चुकलं असंल तर पदरात घे म्हणायचा. अरे, पदर कुठला, पिसं आहेत! पण आईसमोर बोलणार कोण?

मंग ती दुपार. मी पण होतो घरात, म्हणून सांगतो. पोर झोळीत, हर्षाली मागं भांडी घासतेय, आणि मी नि भगीरथ ओटीवर. आत सगळं गप्प झालं. पोपटवाल्या घरात गप्प होणं चांगलं नाय, तुमाला सांगतो. आम्ही दारात जाऊन बघतो तर तो झोळीच्या दोरीवरनं खाली उतरत होता. सावकाश. एक पाय, चोच, दुसरा पाय. पोर त्याच्याकडे बघून हसतेय, हात वर करतेय, आणि त्याची बुबुळं लहान-मोठी, लहान-मोठी, तिच्या डोळ्यापासनं वीतभर वर. मी दाराची चौकट धरली. आणि भगीरथनं काय केलं असंल? हात जोडले. "आई, नात आहे तुझी," म्हणाला, "आई, खाली नको येऊस." मागल्या दारानं हर्षाली आली ती राखेच्या हातानंच. एका हातानं पोर उचलली, दुसरा मध्ये घातला, आणि पोपटानं त्या हाताचा असा लचका धरला की सोडेचना. बाई ओरडली नाय. पोर माझ्याकडे दिली, पोपट हातानंच सोडवला, आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "त्या जिवंत होत्या तवा तुमी बोलला नाय. आता एवढ्याशा झाल्यात, तरी नाय बोलणार? मी चालले पोरीला घेऊन उंबरमाळीला. तुमी नि तुमची आई राहा."

तेव्हा कुठं गाडी हलली. पिंजरा माळ्यावरनं काढला, मी मागं बसून मांडीवर धरला, आणि शहापूरला एक डॉक्टरबाई आहेत पक्ष्यांच्या, त्यांच्याकडे. बाईंनी बघितलं, म्हणाल्या, "पहिली गोष्ट, हा पोपट घरात पाळायला कायद्यानं बंदी आहे. वनखात्याकडे द्यावा लागेल." भगीरथ हात जोडून म्हणतो, "मॅडम, सख्ख्या आईला वनखात्याकडे कशी देऊ?" बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी छताकडे. मंग त्यांनी समजावलं, की पोपट एकटा आहे, वयात आलाय, मालकीण गेली, आता त्यानं तुमाला जोडीदार मानलंय, म्हणून तुमच्या बायकोला चावतो. जोडीदार! भगीरथचा चेहरा असा झाला की मी पिंजऱ्यावर पंचा टाकला. आईसमोर असलं बोलणार कोण, पण बाईंना कुठं ठाऊक. त्यांनी सांगितलं, खातं न्यायला येईपर्यंत खांद्यावर घेऊ नका, बसायची दांडी छातीच्या खाली ठेवा, संध्याकाळी पिंजरा झाका, पोर असेल त्या खोलीत त्याला आणूच नका. चावला तर ओरडायचं नाय, रागवायचं नाय, लाड तर मुळीच नाय. गप खाली ठेवायचं आणि पाठ फिरवायची. शांत राहिला की मंग हातानं हरभरा द्यायचा.

घरी आल्यावर भगीरथला काय जमतंय? पाठ फिरवायचा नि खांदे हलायला लागायचे, परत वळून माफी मागायचा. हर्षालीची पिशवी भरलेली, पोर कडेवर, ती हे सगळं दारातनं बघत होती. पिशवी ठेवली. "द्या तो इकडं," म्हणाली. "ओरडायचं नाय, उलट बोलायचं नाय, चावलं की पाठ करून आपलं काम करायचं. तुमच्या डॉक्टरबाईनं नवीन काय सांगितलं? लग्न झाल्यापासनं मी दुसरं काय केलं ह्या घरात?"

आणि तुमाला सांगतो, जमलं तिला. चावला की ठेवला खाली, पाठ. चावला, ठेवला, पाठ. आवाज नाय, कपाळाला आठी नाय. होता होता तो तिच्या हातातला हरभरा घ्यायला लागला, मंग मनगटावर येऊन बसायला लागला, आणि मंग... मंग बुबुळं लहान-मोठी व्हायला लागली ती भगीरथला बघून. बायकोच्या हातातनं कपबशी घ्यायला गेला, अंगठा फोडला. पोरीला उचलायला आत गेला, तर पोपट बाहेरच्या खोलीत पिंजऱ्याच्या दारावर चोच आपटून आपटून रक्तबंबाळ. घर आता हर्षालीचं, भगीरथचं अंथरूण ओटीवर. वनखात्याचा माणूस आला की नेईल, पण तो उद्या उद्या करतोय. बारकूतात्या खूश, "म्हातारीला शेवटी सून कळली," सांगत फिरतायत गावभर.

परवा मी गेलो भगीरथची समजूत घालायला. ओटीवर बसला होता, कानाला पट्टी. म्हटलं, अरे जाऊ दे, आई शेवटी सुनेच्या बाजूची झाली, हे चांगलंच झालं की. त्यानं मान वर केली नाय. म्हणाला, "ती आई नाय रे. माझी आई मेल्यावरसुद्धा हर्षालीच्या बाजूनं झाली नसती." मंग कानाची पट्टी सारखी करत म्हणाला, "आई गेली रे."

आणि रडला. नदीवर रडला नव्हता, तो तिथं रडला, मोठा बाप्या, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून. मी काय करणार, पाठीवर हात फिरवला आणि म्हटलं, रड बाबा, पण जरा हळू रड... आतल्याला तुझा आवाज चालत नाय.